दुसरं दार कुठे असावं?

चारशे माणसं मावतील असा एक हॉल डोळ्यांसमोर आणा. लांबी २० मीटर, रुंदी १५ मीटर. गोव्यात लग्नाला, मुंजीला, एखाद्या नाटकाला भाड्याने मिळतो तसाच. आत अचानक धूर झाला आणि सगळ्यांना बाहेर काढायचं आहे. किती वेळ लागेल?

आपण आधी अंतराचा विचार करतो. दारापासून सगळ्यात लांब बसलेला माणूस या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जाणार, म्हणजे २५ मीटर. मोकळ्या वाटेवर माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो. त्या हिशेबाने २१ सेकंद झाले. एवढंच असतं तर हा लेख लिहायची गरज नव्हती. खरा वेळ जातो तो दारापाशी खोळंबण्यात.

दारातून किती माणसं निघतील हे काढायची एक साधी रीत अग्निसुरक्षेचे अभियंते वापरतात. दाराच्या मोकळ्या रुंदीतून दोन्ही बाजूंचे पंधरा-पंधरा सेंटिमीटर वजा करायचे, कारण चौकटीला खांदा घासत कोणी चालत नाही. उरलेल्या रुंदीतून दर मीटरला सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे १.३ माणसं बाहेर पडतात. दोन मीटरचं दार घेतलं तर कामाची रुंदी उरते १.७ मीटर आणि त्यातून सेकंदाला निघतात सव्वादोनच्या आसपास माणसं. चारशे माणसांना लागली तीन मिनिटं. चालायला २१ सेकंद आणि दारातून निघायला १८०. बंद जागेत धूर पसरू लागला की तीन मिनिटं फार मोठा काळ असतो.

मग तसंच दुसरं दार काढलं तर वेळ निम्मा होईल, दीड मिनिटावर येईल. हिशेब बरोबर आहे, पण त्यात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. एक म्हणजे गर्दी दोन्ही दारांत निम्मी-निम्मी विभागली जाईल. दुसरी म्हणजे दोन्ही दारं त्या क्षणी वापरता येतील. दार कुठे आहे यावर या दोन्ही गोष्टी अवलंबून असतात, आणि हॉल बांधणाऱ्यांचं आणि चालवणाऱ्यांचं नेमकं तिथेच दुर्लक्ष होतं असं माझं मत आहे. दारं किती ते मोजलं जातं. कुठे आहेत ते फारसं कोणी विचारत नाही.

पहिलं गृहीत बघू. संकटात माणूस जवळच्या दाराकडे धावतो असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. तो आला त्या दाराने परत जातो. आयल ऑफ मॅन या बेटावर समरलँड नावाचं मोठं करमणूक केंद्र होतं. २ ऑगस्ट १९७३ रोजी ते जळालं आणि ५० माणसं गेली. त्या आगीतून वाचलेल्यांच्या जबान्यांचा अभ्यास जोनाथन साइम या मानसशास्त्रज्ञाने केला. माणसं ओळखीच्या वाटेकडे आणि आपल्या माणसांकडे ओढली जातात, असं त्याला दिसलं. आई-वडील आधी मुलांना शोधत होते. जवळ असलेलं पण कधी न वापरलेलं दार त्यांच्या लेखी दारच नव्हतं. आपली जत्रा आठवा. हात सुटलेलं पोर सापडल्याशिवाय कोणती आई एकटी बाहेर पडेल?

अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यातल्या ‘द स्टेशन’ या नाईट क्लबमध्ये २० फेब्रुवारी २००३ च्या रात्री हेच फार मोठ्या किमतीत दिसलं. स्टेजवरच्या शोभेच्या दारूने भिंतीवरचा फोम पेटला. इमारतीला बाहेर पडायच्या चार वाटा होत्या. त्यातली एक स्टेजजवळच असल्याने लगेच आगीच्या तडाख्यात सापडली. उरलेल्यांत बहुतेकांचा ओढा समोरच्या, आत येतानाच्या दाराकडे होता. तिथे आधीच अरुंद बोळ होता. दोन मिनिटं व्हायच्या आत त्या दारात माणसांवर माणसं पडून ते बंद झालं. शंभर माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या नियमांत असा बदल झाला की नाईट क्लब, डान्स हॉलसारख्या जागांत मुख्य दार एकट्याने दोन-तृतीयांश गर्दी काढू शकेल एवढं मोठं असावं. लोक तिकडेच जाणार हे मान्य करून केलेला हा नियम आहे, आणि मला तो फार शहाणपणाचा वाटतो.

घबराटीत हा असमतोल आणखी वाढतो. क्युबातल्या हवाना विद्यापीठात संशोधकांनी मुंग्या एका गोल डबीत ठेवल्या. समोरासमोर अगदी सारखी दोन दारं. एरवी मुंग्या दोन्ही दारांतून जवळपास सारख्याच बाहेर पडल्या. मग डबीत तीव्र वासाचा द्रव सोडला, मुंग्या बिथरल्या आणि एकाच दारावर लोटल्या. दुसरं दार बरंचसं मोकळंच राहिलं. हे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. मुंगीवरून माणसाचं सगळं सांगता येत नाही, पण ‘सगळे जातात तिकडे आपणही’ ही ओढ माणसालाही चांगलीच माहीत आहे.

आता आपल्याकडे या. फोंड्याच्या बाजूला एका हॉलमध्ये लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मी मुद्दाम दारं बघत फिरलो. पुढचं दार भव्य, त्याला झेंडूच्या माळा, दोन्ही बाजूंना केळीचे खांब. सगळे पाहुणे इथून येणार, इथेच अक्षता घेणार. बाजूला दुसरं दार होतं, तेही चांगलं रुंद. त्याला आल्ड्रॉप आणि आल्ड्रॉपला कुलूप. पुढ्यात मंडपवाल्याने गुंडाळून ठेवलेली सतरंजी आणि एकावर एक रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. त्याला लागूनच बुफेची टेबलं मांडायचं चाललं होतं. किल्ली कुठे म्हणून विचारलं तर मॅनेजरकडे, आणि मॅनेजर घरी गेलेला. दाराच्या वर हिरवा, धावणाऱ्या माणसाचा बोर्ड मात्र नीट लावलेला होता. परवानगीच्या नकाशावर हा दोन दारांचा हॉल असणार. दुसऱ्या दिवशी जेवायला आलेल्या पाहुण्यांसाठी तो एका दाराचा होता.

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ माणसं गेली. आग लागली होती खाली ट्रान्सफॉर्मरला, धूर वर बाल्कनीत चढला. बाल्कनीच्या उजव्या बाजूची बाहेर पडायची वाट जादा आसनं बसवून बंद केलेली होती, हे पुढे न्यायालयात नोंदलं गेलं. चार खुर्च्या जास्त बसाव्यात म्हणून दार बुजवायची ही वृत्ती आपल्या आसपास आजही बघायला मिळते, याचा मला मनापासून राग येतो.

दुसरं गृहीत: दोन्ही दारं एकाच वेळी वापरता येतील का? इथे दोन दारांमधलं अंतर कामाला येतं. स्टेजच्या उजवी-डावीकडे एकेक दार, ही आपल्याकडची आवडती रचना. पण हॉलमध्ये आग लागायची शक्यता सगळ्यात जास्त असते तीच स्टेजवर, कारण तिथे पडदे, दिवे, वायरिंग, सजावट सगळं एकत्र असतं. तिथे पेट घेतला की दोन्ही दारं एकदम गेली. अमेरिकेतल्या नियमात यासाठी एक सोपं माप आहे. खोलीचा सगळ्यात लांब कर्ण घ्यायचा आणि दोन दारांमधलं अंतर निदान त्याच्या निम्मं ठेवायचं. आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा असेल तर एक-तृतीयांश चालतं. आपल्या हॉलचा कर्ण २५ मीटर, म्हणजे दारं किमान साडेबारा मीटर लांब हवीत. हे माप टेप घेऊन कोणीही तपासू शकतं.

याला उलटा मुद्दा आहे आणि तो खोटा नाही. चार मीटरचं एकच दार दोन-दोन मीटरच्या दोन दारांपेक्षा थोडी जास्तच माणसं काढतं, कारण चौकटीलगतची वाया जाणारी जागा एकदाच वजा होते. शिवाय रुंद दार सहसा तुंबत नाही. आग बाहेर असेल, नुसती हॉल रिकामा करायची घाई असेल, तर एक रुंद दार उत्तम. पण त्याच दारापाशी आग असेल तर हाती काहीच उरत नाही. म्हणून सुरक्षेच्या विचारात रुंदी वाटून घेतात आणि थोडी क्षमता सोडून देतात.

दार भिंतीच्या मधोमध असावं की कोपऱ्यात, हा प्रश्न त्याहून मजेदार आहे, आणि तो समजायला दारात नेमकं काय घडतं ते आधी पाहावं लागेल. नरसाळ्यातून तांदूळ ओतताना ते मध्येच अडकतात. तोंडाशी दाणे एकमेकांना टेकून कमान धरतात आणि वरचा भार कमान आणखी घट्ट करतो. मागून रेटा असलेल्या गर्दीचंही दारात तेच होतं. तीन-चार माणसं खांद्याला खांदा लावून अडकतात, क्षणभर कोणीच निघत नाही, मग कमान मोडते, काही जण एकदम बाहेर पडतात आणि पुन्हा नवी कमान धरते. डर्क हेल्बिंग, इलेश फार्काश आणि तमाश विचेक या तिघांनी २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात याचं संगणकावरचं प्रारूप मांडलं. त्यातून निघालेली गोष्ट प्रसिद्ध आहे: ठरावीक मर्यादेपलीकडे माणसं जितकी घाई करतात तितकी ती उशिरा बाहेर पडतात. पुढे स्पेनमध्ये नवारा विद्यापीठातल्या संशोधकांनी खरी माणसं घेऊन, रेटा किती द्यायचा ते ठरवून दारातून जायला लावलं, तेव्हा ते प्रत्यक्षातही दिसलं.

दार भिंतीच्या मध्यात असलं की माणसं अर्धवर्तुळातून, तिन्ही दिशांनी त्यावर येतात. समोरचे, उजवीकडचे आणि डावीकडचे एकमेकांना काटतात. दार कोपऱ्यात असेल तर येणारा प्रवाह पाव वर्तुळात मावतो, एका बाजूला भिंतीचा आधार मिळतो आणि आडवा रेटा कमी होतो. मुंग्यांवरच्या आणि नंतर माणसांवरच्या प्रयोगांत कोपऱ्याच्या दाराने गर्दी अधिक सुरळीत निघाल्याचं दिसलं आहे. त्याची किंमत म्हणजे अंतर. आपल्या हॉलमध्ये लांब भिंतीच्या मधल्या दारापासून सगळ्यात लांबचा माणूस १८ मीटरवर असतो आणि कोपऱ्याच्या दारापासून २५ मीटरवर. सात मीटर जास्त, म्हणजे सहा सेकंद. हॉलमध्ये तीस-चाळीसच माणसं असतील तर हे सहा सेकंद जाणवतील, कारण तेव्हा खोळंबा नसतो आणि अंतरच वेळ ठरवतं. हॉल खचाखच भरला असेल तर तीन मिनिटांच्या रांगेपुढे ते काहीच नाहीत. म्हणून ‘मध्यात की कोपऱ्यात’ याचं उत्तर त्या जागेत माणसं किती बसणार यावर आहे. चारशे माणसांच्या लग्नाच्या हॉलला मी समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोन दारं सुचवीन. कर्णाचं मापही त्यात सहज बसतं.

त्याच २००० सालच्या प्रारूपातून आणखी एक चमत्कारिक सूचना निघाली होती. दाराच्या थोडं अलीकडे, जरा बाजूला एक खांब उभा केला तर तो रेटा अडवतो आणि माणसं लवकर निघतात. स्पेनमध्ये हे मेंढ्यांवर करून पाहिलं. गोठ्याच्या दारापुढे अडथळा ठेवला आणि मेंढ्या खरोखरच अधिक सुरळीत आत गेल्या. पण माणसांवर तोच प्रयोग झाला तेव्हा तसा फायदा दिसला नाही. तेव्हा कोणी इंटरनेटवर वाचून दारापुढे फुलांचा स्टँड ठेवायचं समर्थन करत असेल तर त्याला थांबवा. दारापुढची जागा मोकळी हवी.

गर्दी किती दाट झाली की धोका, हेही इथेच सांगतो. एका चौरस मीटरमध्ये चारच्या आसपास माणसं झाली की चालणं जवळजवळ थांबतं. सहा-सातच्या पुढे गेली की कोणाच्याच हातात काही राहत नाही. गर्दी लाटेसारखी हलते, पाय जमिनीवरून सुटतात, आणि माणसं उभ्या-उभ्या छाती दाबली जाऊन गुदमरतात. मागच्यांना पुढचं दिसत नाही, ते ढकलतच राहतात. याला आग लागावी लागत नाही. इंग्लंडमध्ये सुंदरलँडच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये १६ जून १८८३ रोजी खेळ संपल्यावर बक्षिसं वाटणार म्हणून गॅलरीतली मुलं जिन्याने खाली धावली. खालचं दार आत उघडणारं होतं आणि एका वेळी एकच मूल जाईल एवढीच फट ठेवून खिटी लावलेली होती. १८३ मुलं चेंगरून मेली. सार्वजनिक जागांची दारं बाहेर उघडावीत, या आग्रहाला त्या दिवसापासून जोर आला. नुसत्या अंगाच्या दाबाने उघडणारी आडवी दांडी, जी आपण आता मल्टिप्लेक्समध्ये बघतो, तीही त्यानंतरच्या वर्षांतली.

आपल्या २०१६ च्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये हे सगळं आहे. माणसं जमतात अशा इमारतींत बाहेर पडायचं दार किमान दोन मीटर रुंद असावं, ते बाहेरच्या बाजूला उघडावं, आतून किल्लीशिवाय उघडता यावं, आणि तिथपर्यंत चालायचं अंतर ३० मीटरच्या आत असावं. नियमांची कमतरता नाही.

दारापलीकडे काय आहे हा प्रश्न तर हॉलच्या नकाशावरून कळतच नाही. गोव्यात बरेच हॉल पहिल्या मजल्यावर असतात, खाली दुकानं. वर दोन दारं असली तरी दोन्ही एकाच जिन्यावर निघत असतील तर ते एकच दार समजा. जिन्यावरून माणसं सपाटीपेक्षा सावकाश उतरतात, दर मीटरला सेकंदाला साधारण एक. सव्वा मीटरच्या जिन्याला कठड्याची जागा सोडून जेमतेम एक मीटर उरतो. म्हणजे चारशे माणसांना पावणेसात मिनिटं. वरची दारं कितीही रुंद करा, जिना ठरवेल तेवढीच माणसं खाली येणार.

६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्री बार्देशात हडफड्याच्या एका नाईट क्लबला आग लागली आणि २५ जणांचा जीव गेला. त्यात बहुतेक तिथले कर्मचारी होते, पोटासाठी दूरदूरच्या राज्यांतून आलेले. कित्येक जण खालच्या स्वयंपाकघराच्या बाजूला धुरात गुदमरले. त्या बातम्या वाचताना मला सारखं वाटत होतं, की आपण दारांचा विचार करतो तेव्हा पाहुण्यांचाच करतो. स्वयंपाकघर, भांडी घासायची जागा, मेकअपची खोली, जनरेटरची खोली, इथे काम करणाऱ्यांना बाहेर जायला बहुधा एकच वाट असते आणि तीही आतल्या हॉलमधूनच. तळघरातून तर धूर आणि माणसं एकाच जिन्याने वर चढतात. अशा खोलीला थेट मोकळ्यावर निघणारं स्वतःचं दार हवंच. याला पर्याय आहे असं मला वाटत नाही.

धुराची आणखी एक खोड आहे. गरम धूर आधी छताला लागतो, पसरतो आणि मग वरून खाली भरत येतो. दाराच्या वर लावलेला हिरवा बोर्ड त्यात सर्वांत आधी दिसेनासा होतो. म्हणून जमिनीलगतही खुणा असाव्यात असं सांगतात. खर्च फार नाही, अंधारात चमकणारी पट्टी गुडघ्याच्या उंचीवर चिकटवली तरी पुरे.

आमच्याकडच्या कित्येक जुन्या देवळांच्या सभामंडपांना समोर एक आणि दोन्ही अंगांना एकेक दार असतं, आणि रोजच्या दर्शनात तिन्ही वापरात असतात. लोकांना ती पायाखालची आहेत. उत्सवात मात्र आवारात पत्र्याचा नाहीतर कापडाचा मंडप पडतो, नाटकासाठी खुर्च्या लागतात आणि तिन्ही बाजू कनातीने बंद होतात. उत्सव समित्यांनी एवढं करावं: कनात एका बाजूला तरी पूर्ण मोकळी ठेवावी, आणि चहा-भजीचा, खाज्याचा स्टॉल मुख्य दाराबाहेर न लावता दुसऱ्या दाराच्या बाहेर पंधरा-वीस पावलांवर लावावा. मध्यंतरात निम्मं गाव त्या दाराने जाईल आणि येईल. मग ते ओळखीचं दार झालं. सिलिंडर मात्र त्या वाटेवर नको, स्टॉलच्या मागे ठेवा.

आणि माणसाने सांगितलं की गर्दी ऐकते. २८ मे १९७७ रोजी अमेरिकेतल्या केंटकी राज्यात बेव्हर्ली हिल्स सपर क्लबला आग लागली, १६५ जण गेले. मोठ्या दालनात कार्यक्रम रंगला होता, हजारावर प्रेक्षक होते, आग अजून इमारतीच्या दुसऱ्या भागात होती. टेबलं आवरणारा १८ वर्षांचा एक मुलगा स्टेजवर चढला, विनोदी कलाकारांच्या हातून माइक घेतला, बाहेर पडायच्या वाटा कुठे आहेत ते दाखवलं आणि सगळ्यांना निघायला सांगितलं. त्याच्यामुळे शेकडो लोक वाचले असं मानलं जातं.

आपल्या नाटकाआधी मोबाइल बंद ठेवण्याची सूचना होतेच. त्यातच दारांची दोन वाक्यं घालता येतील. फक्त उजवीकडचं, डावीकडचं असं म्हणू नये, कारण स्टेजवर उभ्या असलेल्या माणसाचं उजवं ते प्रेक्षकांचं डावं. विहिरीकडचं दार, तुळशीकडचं दार, असं सांगावं.